पाहुण्याचा कूलर

नागपुरात गाडीच्या ताकदीवरून दोघांचं भांडण जुंपलं की शेवटी एक वाक्य यायचंच, "संजीवभाऊची चिठ्ठी दाखव ना बे." ज्याच्याकडे चिठ्ठी नसेल त्यानं मुकाट्यानं चहाचे पैसे द्यायचे.

हिंगणा रोडच्या एमआयडीसीत संजीवची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्या रोलरवर ठेवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी तिला ऊर फुटेस्तोवर पळवायची. बाजूच्या संगणकावर हॉर्सपॉवरचा आकडा उमटायचा. तो छापून संजीव खाली शाईच्या पेनानं सही करायचा. त्या सहीनं नऊ वर्षांत पुष्कळांची तोंडं उतरवली होती. कुणी परदेशातून ताकद वाढवायची इलेक्ट्रॉनिक डबी मागवायचा, कुणी सायलेन्सरला दुसरं भोक पाडून आणायचा, आणि रोलरवर जुनाच आकडा आला की संजीव पेनाचं टोपण लावत म्हणायचा, "आवाजानं गाडी पळत नाही, भाऊ." हे वाक्य त्याला फार आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, आणि दुखणं तिथंच होतं.

दुसऱ्यांच्या चुका मोजून मोजून माणसाला वाटायला लागतं की आपण चुकणाऱ्यांतले नव्हेच. संजीवनं ठरवलं, लोकांचे पार्ट बसवणं पुरे झालं, आता स्वतःचा काढायचा. त्यानं निवडलं इंजिनाचं नाक, म्हणजे इनटेक. कंपनीच्या गाडीत हे नाक प्लास्टिकच्या डब्यात बंद असतं आणि पुढच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतं. संजीवनं डबा उपटून टाकायचं ठरवलं. त्याजागी ऐसपैस नळी, आणि नळीच्या टोकाला उघडा फिल्टर. नाक मोठं तर श्वास मोठा, श्वास मोठा तर ताकद मोठी. उघडा फिल्टर तापलेल्या इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसणार आहे, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर संजीवनं पाच मिनिटांत दाखवून दिलं असतं. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

नळी त्यानं कार्बनच्या कापडाची केली. कापड म्हटल्यावर त्याच्या वडिलांचे कान टवकारले. बाबनराव चाळीस वर्षं गोळीबार चौकाजवळच्या घरात मागावर बसले होते. त्यांच्या साड्या इतवारीच्या दुकानांत जात. गुडघे गेले, माग बंद पडला, आणि आता ते दिवसभर मुलाच्या शेडमध्ये खाटेवर, कूलरसमोर बसून असत. मुलाच्या धंद्याला ते धंदा म्हणत, कारागिरी म्हणत नसत. ते कार्बनचं कापड मात्र त्यांनी बोटांत धरून उजेडाकडे नेलं.

"तिरकी वीण हाय," ते म्हणाले. "कोणं विणलं?"

"मशीननं, बाबा."

"तरीच. काठ पाह्य ना कसे सुटून राहिले."

बाबनरावांची एक रीत होती. साडी मनासारखी उतरली तरच ते पदराच्या आतल्या बाजूला एक लाल धागा घालायचे. वीण कुठे ढिली पडली असेल तर साडी विकली जायची, पण लाल धाग्याशिवाय. संजीवनं नळीवर शेवटचा चकचकीत हात मारण्याआधी लांबीभर एक लाल धागा बसवला. बाबनरावांनी तो पाहिला, बोटानं चाचपला. चहावाला आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून नळी दाखवली, "आमच्या संजीवनं केली." संजीवला हे आतून ऐकू आलं आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस पान्हा हातात धरून उगाचच दोन मिनिटं उभा राहिला. वडिलांनी त्याचं नाव असं पहिल्यांदाच घेतलं होतं.

आता नळी बसवायला गाडी हवी. ती विक्कीनं दिली.

विक्की म्हणजे गोपाळरावांचा मुलगा. गोपाळराव कुहीच्या रस्त्याला ले-आउट पाडून प्लॉट विकत, आणि विक्की आपण काय करतो हे मोबाइलवर टाकत असे. गाडी लाल, दोन दारांची, जमिनीपासून चार बोटं वर. नागपूरच्या एकाही गतिरोधकावरून ती पोट घासल्याशिवाय गेली नव्हती, त्यामुळे ती बहुतेक वेळ घरासमोर कव्हर घालून उभी असायची. तश्शीच लाल गाडी त्याच्या चुलतभावानं, मोहितनं घेतली होती. दोन गाड्या सारख्या, दोन भाऊ सारखे, म्हणून रविवारी गोपाळरावांच्या ले-आउटमधल्या सरळ रस्त्यावर शर्यत ठरली होती. प्लॉट विकले गेले होते, घरं कुणी बांधली नव्हती, म्हणून रस्ता मोकळा होता.

"संजीवभाऊ, मोहितले दिसलीच नाही पाह्यजे माझ्या गाडीची मागची नंबरप्लेट," विक्की म्हणाला. "इतकी दूर गेली पाह्यजे."

"पहिले टेस्ट, मंग बोलणं," संजीव म्हणाला. अजून तो जुनाच संजीव होता.

शुक्रवारी, ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजक्या दिवसांत, सकाळी अकराला पहिली टेस्ट झाली. बॉनेट उघडं, गाडीच्या तोंडासमोर मोठा पंखा, कंपनीचा डबा जागेवर. मागच्या भिंतीवर टांगलेली तापमानाची काडी चव्वेचाळीस दाखवत होती. यंत्र त्या काडीवरूनच हवा किती तापली ते धरतं आणि आकड्यात तेवढी भर घालतं. आकडा आला दोनशे एकतीस. विक्की "मी जेवून येतो" म्हणून गेला आणि जेवून, झोपून, तोंड धुऊन अडीचला उगवला.

मधले तीन तास संजीवनं डबा काढून नळी बसवली. पान्हे हातात धरवत नव्हते, ते पाण्याच्या बादलीत बुडवून घ्यावे लागत होते. नळी दोनदा अडली, एकदा कडेनं घासली, तेव्हा त्यानं फुंकर घातली, जणू तिला लागलं असावं. शेवटची पट्टी आवळली, उघडा फिल्टर समोरच्या कोपऱ्यात बसला, वरून लाल धागा दिसत होता. संजीवनं घाम पुसला आणि हाक मारली, "बाबा, पाहा."

बाबनरावांनी खाटेवरून मान उंच करून पाहिलं. "हो," ते म्हणाले. तेवढं त्याला पुरलं.

आता नागपूरचं एक व्रत सांगायला हवं. मे महिन्यात दारात पाहुणा आला की आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवायचं, मग पाणी द्यायचं, मग कोण-कुठले ते विचारायचं. घरचा म्हातारा भाजून निघाला तरी चालेल, पाहुण्याला झळ लागता कामा नये. संजीवची बायको प्रणाली शेडमध्ये फोन आणि बिलं सांभाळायची. विक्की आत आला आणि मोबाइल उंच धरून गाडीच्या नाकासमोर, पंख्याच्या बाजूला उभा राहिला. प्रणालीनं सवयीनं उठून तो चाकांचा थोरला लोखंडी कूलर सासऱ्यांसमोरून ढकलला आणि विक्कीकडे वळवला. वाळ्याच्या ताट्या त्याच आठवड्यात नव्या भरल्या होत्या. गार, सुगंधी हवेचा झोत सुटला.

"वा वहिनी," विक्की म्हणाला, "इथं तं महाबळेश्वर करून टाकलं तुम्ही."

बाबनराव टोपीनं वारा घेऊ लागले. पाहुणा तो पाहुणा.

संजीवनं गाडी सुरू केली. उघड्या फिल्टरनं असा काही आवाज काढला की पत्रे थरथरले आणि बाजूच्या कारखान्यातले दोघे दारात येऊन उभे राहिले. काटा चढला, चढतच गेला. संगणकावर आकडा उमटला, दोनशे अठ्ठेचाळीस.

सतरा! संजीवनं पुन्हा पळवली. दोनशे सत्तेचाळीस. दुसऱ्याच्या पार्टनं एका फटक्यात सतरा वाढवले असते तर संजीवनं गाडीखाली, यंत्राखाली, त्या माणसाच्या खिशात, सगळीकडे शोधलं असतं. इथे त्यानं काहीच शोधलं नाही. त्यानं चिठ्ठी छापली आणि सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली, शेवटचा फराटा तर कागदाबाहेरच गेला. विक्कीनं चिठ्ठीचा फोटो काढून लगेच मोहितला पाठवला, मग सगळ्यांना, आणि गाडी घेऊन अशा आवाजात गेला की चौकातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

संध्याकाळपर्यंत अकरा जणांचे फोन आले. अकराही जणांना तीच नळी हवी होती. प्रणालीनं नावं लिहून घेतली. साडेपाचला चहा झाला, कूलर पुन्हा खाटेसमोर आला, तेव्हा बाबनराव डोळे मिटून म्हणाले, "आता जिवात जीव आला. दुपारी तुम्ही सारे नाचून राहिले होते, अन् मी इथं भाजून राहिलो होतो."

"काहून? कूलर होता ना, बाबा."

"कायचा कूलर? तो तं सूनबाईनं पाहुण्याकडे फिरवला होता. पाहुण्याले लागली अर्धी हवा, अर्धी त्या गाडीच्या नाकात." म्हाताऱ्यानं बशीतला चहा फुंकला. "वाळ्याचा कूलर समोर लावला तं मी बी पळीन गा, या गुडघ्यानं."

संजीवचा चहा कपातच राहिला. सकाळी अकराला कूलर खाटेकडे होता. अडीचला तो गाडीच्या तोंडाकडे होता. पंख्यानं ती गार हवा उचलून सरळ फिल्टरवर फेकली होती, आणि भिंतीवरची काडी मात्र चव्वेचाळीसच सांगत बसली होती. गार हवा दाट असते, दाट हवेत इंजिन जोमानं चालतं, हे संजीव नऊ वर्षं लोकांना समजावून सांगत होता. वाढलेले सतरा नळीचे नव्हते. ते वाळ्याचे होते.

"लाल धागा टाकला ना तू त्याच्यात?" बाबनरावांनी विचारलं. संजीवनं कप खाली ठेवून खिशातला मोबाइल काढला, तसा म्हातारा पुन्हा कूलरकडे वळला.

संजीवनं लगेच विक्कीला फोन लावला. "विक्कीभाऊ, उद्या सकाळी गाडी आणा. अजून एक टेस्ट करू."

"आता कायले? गाडी पॉलिशले दिली हाय. आता डायरेक्ट रविवारी भेटू, भाऊ. तुमची चिठ्ठी मी लॅमिनेट करून घेतली."

सांगायचं होतं ते तिथेच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण संजीवच्या डोळ्यांसमोर ती अकरा नावं होती आणि चहावाल्याला नळी दाखवणारे वडील होते. नळीनंही काही वाढले असतील की, सतरा नाहीत तर सहा, सहा नाहीत तर चार, असं तो मनाशी घोळवत राहिला. लोकांना आकडा सांगून रडवणारा माणूस स्वतःच्या आकड्याशी घासाघीस करत होता. त्याची त्यालाच लाज वाटली, पण फोन पुन्हा केला नाही.

रविवारी साडेचारला कुहीच्या रस्त्यावरच्या त्या ले-आउटमध्ये पंचवीस-तीस गाड्या जमल्या. कमानीवर सिमेंटचे दोन घोडे, आत दगडांचे खुंट, आणि मधे सरळ डांबरी रस्ता उन्हात वितळत होता. विक्कीनं बॉनेट उघडून ठेवलं होतं आणि चिठ्ठी काचेला आतून चिकटवली होती. लोक येत, नळीवर हात फिरवत, लाल धागा कशाचा म्हणून विचारत. "ते सिक्रेट टेक्नॉलॉजी हाय," विक्की सांगत होता. संजीव घसा खाकरून दोनदा पुढे झाला आणि दोनदा कुणी तरी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तिसऱ्यांदा तो पुढे झालाच नाही. मग बॉनेट बंद झालं, आणि त्याच्याखाली फिल्टर आणि इंजिन एकाच भट्टीत कोंडले गेले.

रुमाल खाली पडला. विक्कीच्या गाडीनं आवाज असा केला की सिमेंटचे घोडे पळाले असते. पळाली मात्र मोहितची गाडी, कंपनीच्या डब्यासकट, मुकाट. शेवटच्या खुंटाशी ती तीन गाड्यांच्या अंतरानं पुढे होती. विक्कीला तिची नंबरप्लेट अगदी स्वच्छ वाचता आली.

विक्की खाली उतरला आणि नाचता येईना तर अंगण वाकडं, तसं सुरू झालं. त्याच्या बाजूनं रस्ता चढाचा होता. चाकाखालचं लिंबू नीट फुटलं नव्हतं. मोहितनं रुमालाच्या आधी सोडली. पेट्रोल मौद्याच्या पंपावरचं होतं. त्यानं सगळ्यांना दोष दिला, नळीला सोडून. "गाडी दोनशे अठ्ठेचाळीसची हाय," तो काचेवर बोट आपटून म्हणाला. "संजीवभाऊची सही हाय. संजीवभाऊ खोटं बोलत नाही."

हे शेवटचं वाक्य संजीवला सोसवलं नाही.

"नळी खोटी हाय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "माझी नळी खोटी हाय. टेस्टच्या टायमाले कूलर गाडीकडे होता. ते सतरा कूलरचे हायेत. मले शुक्रवारीच समजलं होतं, मी सांगतलं नाही. ती चिठ्ठी मले परत द्या, विक्कीभाऊ."

मोहित इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पण बाकीचे हसले नाहीत. ते विचारात पडले, आणि संजीवला त्यांच्या हसण्यापेक्षा त्या विचाराचीच जास्त भीती वाटायला हवी होती.

"थांबा, थांबा," विक्की म्हणाला. "कूलर लावला तं दोनशे अठ्ठेचाळीस आले ना?"

"आले, पण..."

"आले ना? म्हणजे ताकद गाडीत हाय. हवाच खराब हाय नागपूरची." त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "मंग चिठ्ठी खोटी कशी? नाही देत मी. अन् नळी बी नाही काढत. आवाज पाहा ना तिचा."

सोमवारी मोहितनं आपली गाडी मोठ्या आनंदानं रोलरवर दिली. कूलर खाटेकडे ठेवून संजीवनं तशीच दुसरी नळी तिच्यावर बसवली. डब्यावर दोनशे तीस, नळीवर दोनशे पंचवीस. पाच कमी. त्यानं त्या आकड्याची चिठ्ठी काढली, नेहमीएवढीच सही केली आणि दारावर चिकटवली. फोटो काढून अकराही जणांना पाठवला. नऊ जणांनी 'छान' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं, दोघांनी विचारलं, नळी कधी मिळन? वडिलांना त्यानं काही सांगितलं नाही. त्यांनीच दारावरचा कागद चष्मा लावून वाचला.

"माझ्या हातून बी गेली होती एक," बाबनराव म्हणाले. "लाल धागा टाकला, अन् मंग आत भोक दिसलं. तवर साडी इतवारीले पोहोचली होती. कोण नेसली काय माहीत." मग थोड्या वेळानं, "पुढची नीट कर."

संजीवनं नळीभोवती डबा बसवायचं काम सुरू केलं, अगदी कंपनीनं केला होता तसाच. आवाज नाहीसा झाला आणि पाच परत आले. हे त्यानं ज्याला ज्याला सांगितलं त्याची जांभई त्याला दिसली.

आठवड्यानं दुपारी एक पांढरी गाडी शेडमध्ये शिरली. आतून ताराचंद नावाचा माणूस उतरला, गळ्यात साखळी, हातात मोबाइल. मोबाइलवर त्या दोनशे अठ्ठेचाळीसच्या चिठ्ठीचा फोटो होता. सहीचा फराटा कागदाबाहेर गेलेला.

"संजीवभाऊ तुम्हीच ना? रामटेकहून आलो," तो म्हणाला. "तुमच्याकडे ते कूलरवालं टेस्टिंग होते म्हणतात."

"नाही होत. दारावरची चिठ्ठी वाचा. त्या नळीनं पाच कमी होतात."

"ते वाचलं ना मी. नळी तं पाह्यजेच, पण चिठ्ठी कूलरवाली द्या. विक्कीभाऊची हाय तशी." त्यानं आवाज खाली आणला. "अन् तुमची सही पाह्यजे बरं का. सहीशिवाय कोणी मानत नाही."

संजीवनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला, पेन उघडलं. "देतो. पण त्याच्यावर लिहीन, कूलर सुरू, गाडीकडे तोंड."

"ते कायले लिहिता, भाऊ? तेवढं सोडून द्या ना."

संजीवनं पेनाचं टोपण लावलं. टोपण लावताना म्हणायचं ते वाक्य इथे लागू पडत नव्हतं. या माणसाला खरं ठाऊक होतं, दारावर लिहिलेलं त्यानं वाचलंही होतं, आणि ते कळूनच तो खोटं मागायला एवढ्या उन्हात आला होता. आणि मागत होता ती संजीवचीच सही. त्यानं खाटेकडे पाहिलं. बाबनराव आधीच उठून बसले होते आणि पाहुणा आला म्हणून कूलरसमोरून सरकत होते.

"प्रणाली," संजीव म्हणाला, "पाहुण्याकडे कूलर फिरव. पाणी दे."

प्रणालीनं कूलर ढकलला. ताराचंदनं तोंडभर हसून गार हवेत मान पुढे केली. संजीवनं टेबलावरची पांढऱ्या गाडीची किल्ली उचलली.

"बसा तुम्ही निवांत," तो म्हणाला. "तुमची गाडी मी बाहेर उन्हात लावून येतो."